दुसऱ्या आठवड्याचं रक्त

"श्वास सोडा. पोट बाहेर येऊ द्या. तुमचंच आहे, शेजाऱ्याचं नाही."

कपडा शिवायला आलेल्या प्रत्येकाला मास्तरबाई हे ऐकवायची. टेप समोर दिसली की छाती पुढं काढायची आणि पोट आत ओढायचं, ही माणसाची खोडच आहे. मास्तरबाई टेप गळ्यात टाकून नुसती उभी राहायची. तिला घाई नसायची. समोरचा लाल व्हायचा, डोळे वटारायचा, आणि शेवटी भस्सकन हवा सुटली की मग तिची टेप त्या पोटाभोवती फिरायची. कुणी रागावलं तर म्हणायची, "आरशापुढं उभं राहायला सदरा हवा असेल तर दुसरं दुकान बघा. माझ्या सदऱ्यात माणसाला जेवता आलं पाहिजे, शिंकता आलं पाहिजे."

ती कुठल्या शाळेत शिकवत नव्हती. कापड कापणाऱ्या शिंप्याला मास्तर म्हणतात, आणि नवरा होता तोवर मास्तर तो होता. तो गेला तेव्हा लोकांना वाटलं, दुकानाला आता कुलूप लागणार. तिनं नवऱ्याची मोठी कात्री उचलली आणि कुणाच्या तरी लांबलचक कोटाचं कापड टेबलावर पसरलं. पहिला कोट जरा चुकला, दुसरा बसला, तिसऱ्यानंतर गिऱ्हाइकांनी 'मास्तर'ला 'बाई' जोडून टाकलं.

दुकान अरुंद. पुढं काउंटर, मागं कापायचं टेबल, खिडकीशी शिवणयंत्र. यंत्रावर नणंद बसायची. सासरी जमलं नाही म्हणून परत आलेली, जिभेची तिखट आणि पायांची चपळ. मास्तरबाई तिला लाडात आली तरी 'वन्सं' म्हणायची आणि भांडण झालं तरी 'वन्सं'च म्हणायची. कुठलं 'वन्सं' कशातलं, ते सुरावरून त्या दोघींनाच कळायचं. पुढं जे घडलं ते या नणंदेनं हातभरावरून पाहिलेलं आहे, म्हणून ते तिच्याच बाजूनं सांगितलेलं बरं.

आजार काही दार वाजवून आला नाही. आधी बोटातली अंगठी रुतली, ती सोनाराकडून कापून घेतली. मग अंगुस्तान चढेना. सुई टोचू नये म्हणून बोटाला घालायचं ते धातूचं टोपण, नवऱ्याचं होतं, तेही तिला घट्ट होऊ लागलं. मग एका दुपारी मोठ्या कात्रीच्या कडीत अंगठा असा अडकला की निघता निघेना. नणंदेनं साबण लावून, फिरवून फिरवून तो सोडवला आणि म्हणाली, "वहिनी, कात्रीनं तुझा हात मागितलाय असं दिसतंय." दोघी हसल्या. धारवाल्यानं कडी तापवून रुंद करून दिली. काम पुढं चालू.

प्रत्येक गोष्टीला कुणी ना कुणी कारण देत होतं. हात जाड झाले, तर ते कामाचे हात. बूट लहान पडू लागले, तर दिवसभर उभं राहून पाय पसरले. आवाज घोगरा झाला, तर वय झालं. पाळी लवकर थांबली, तर तेही वयच. गुडघ्याच्या डॉक्टरानं गुडघा पाहिला. साखरेच्या डॉक्टरानं साखर पाहिली. दातांत फटी पडल्या तेव्हा दातांच्या डॉक्टरानं फटी पाहिल्या आणि तार बसवून देतो म्हणाला. प्रत्येकानं आपला तुकडा मन लावून तपासला. एकानं बाही शिवावी, दुसऱ्यानं खिसा, तिसऱ्यानं कॉलर, आणि तो कपडा घालणाऱ्या माणसाकडं कुणी मान वर करून बघूही नये, तशातली गत. हे एक-दोन महिने चाललं असतं तर चूक म्हणून सोडून देता आलं असतं. हे वर्षानुवर्षं चाललं.

मग बऱ्याच वर्षांनी परगावाहून एक जुनी गिऱ्हाईक दुकानात आली. काउंटरवर टेकून तिनं मास्तरबाईलाच विचारलं, "मास्तरबाई कुठं गेल्यात?"

"इथंच आहे," मास्तरबाई म्हणाली.

ती बाई इतकी खजील झाली की तिनं पर्समधून एक फोटो काढून दाखवला. जणू आपली चूक नव्हती हे तिला सिद्ध करायचं होतं. फोटोत ती नवा कोट घालून दुकानाच्या दारात उभी, आणि शेजारी मास्तरबाई. नाक सरळ, हनुवटी लहान, बोटं निमुळती. नणंदेनं एकदा फोटोकडं पाहिलं, एकदा वहिनीकडं, आणि परत फोटोकडं. रोज समोर असलेला चेहरा माणूस नुसता ओळखतो, बघत नाही.

तो फोटो घेऊन दोघी मोठ्या इस्पितळात गेल्या. तिथल्या एका डॉक्टरबाईनं तो मास्तरबाईच्या गालाशी धरला, तिचे हात उलटेपालटे करून पाहिले, बूट काढायला लावले आणि दार लावून घेतलं. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिच्यावर गाठ धरली होती, आणि ती गाठ वाढीचं हॉर्मोन अंगात ओतत सुटली होती. लहान वयात असं झालं तर माणूस ताडासारखा उंच होतो. मोठेपणी हाडांची उंची संपलेली असते, मग हात, पाय, नाक, जबडा रुंदावत जातात. फार थोड्यांना होतो हा आजार, लाखांत काही जणांना.

"लाखांत काही जण म्हणता," मास्तरबाई म्हणाली. "लॉटरीचं तिकीट मी कधी काढलं नाही. लागायचं ते बरोबर लागलं."

नाकातून शिरून गाठ काढली. सगळी निघाली नाही. मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेला तुकडा तसाच ठेवावा लागला. त्याला आवर घालायला दर चार आठवड्यांनी इंजेक्शन घ्यायचं ठरलं, आणि इंजेक्शनासोबत मास्तरबाई एका संशोधनात गेली. हे औषध घेणारी माणसं पुढं कशी राहतात, त्यांचं काय भलंबुरं होतं, ते त्या इस्पितळात तपासत होते. असे रुग्ण मिळणं अवघड, त्यामुळं सगळे मिळून चौदाच जण होते. इंजेक्शन आपापल्या गावच्या दवाखान्यात बर्फाच्या पेटीतून यायचं. रक्त द्यायला आणि प्रश्नांना उत्तरं द्यायला मात्र इस्पितळात जावं लागे, इंजेक्शन घेतल्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात.

प्रश्न विचारायला एक सिस्टर होती. गोल चेहऱ्याची, मायाळू, सगळ्यांची विचारपूस करणारी.

"घाम कमी आहे का?"

"आज कमी आहे."

"डोकं दुखतं?"

"आज नाही."

"अंगठी सैल झाली का?"

"अंगठी कापून काढली, सिस्टर. मागच्या खेपेलाही सांगितलं होतं."

सिस्टरचं पेन थांबलं. "मग फरक नाही असं लिहू?"

"लिहा. जी नाहीच, तिच्यात फरक पडून पडून किती पडणार."

नणंद बाकावर बसून तोंडावर हात धरून हसली. पण घरी जाताना बसमध्ये तिच्या मनात एक गोष्ट टोचत राहिली. वहिनीच्या घामाच्या आणि डोकेदुखीच्या उत्तरात 'आज' होतं, आणि सिस्टरनं तो 'आज' एकदाही लिहून घेतला नव्हता.

कारण चौथा आठवडा कसा असतो ते नणंदेला माहीत होतं. औषधाचा जोर ओसरू लागला की मास्तरबाईच्या डोळ्यांमागं कुणी खिळा ठोकावा तसं डोकं उठायचं. झोपून उठली की चादर पिळून काढावी इतका घाम. बोटं सुजायची, मुंग्या यायच्या, आणि रुंद केलेल्या कडीतही अंगठा जायचा नाही. म्हणून दुकानाचा सगळा महिना त्या इंजेक्शनाभोवती फिरत होता. कापायचं ते पहिल्या तीन आठवड्यांत कापून ठेवायचं. चौथ्यात नणंदेनं शिवायचं, बटणं लावायची, इस्त्री करायची आणि वहिनीला मागच्या खोलीत अंधारात पडू द्यायचं. गिऱ्हाइकांना सांगायचं, "मास्तरबाई कापड बघायला बाहेरगावी गेल्यात." एका म्हाताऱ्यानं एकदा विचारलं, "दर महिन्याला बाहेरगावी जातात, पण दुकानात नवं कापड काही दिसत नाही." नणंद म्हणाली, "बघूनच येतात. आवडत नाही त्यांना."

अशी तारेवरची कसरत चालली होती. पण चालली होती.

मग एका भेटीला सगळ्या चौदा जणांना एकदम बोलावलं. पाठ मोडलेल्या खुर्च्या, कुरकुरणारा पंखा, आणि पुढं उभा संशोधक डॉक्टर. सडपातळ, हळू बोलणारा. त्याच्यावर राग धरणं अवघड, हीच पंचाईत. सगळ्यांना नावानिशी ओळखायचा, खुर्ची पुढं करायचा.

"चांगली बातमी आहे," तो म्हणाला. "तुम्हा सगळ्यांचं रक्त उत्तम आहे. हॉर्मोन कुणाचंही मर्यादेबाहेर नाही. म्हणजे औषध गरजेपेक्षा जास्तच पुरतंय. पुढच्या वेळेपासून इंजेक्शन चार आठवड्यांऐवजी सहा आठवड्यांनी द्यायचं ठरवतोय. सुया कमी, त्रास कमी. आणि तुमच्या या निकालांमुळं ठिकठिकाणच्या रुग्णांनाही हाच नियम लावता येईल."

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. नणंदेनं वहिनीकडं पाहिलं. मास्तरबाईचे कान लाल झाले होते. कान लाल झाले की तिच्यापासून कात्री लांब ठेवायची, एवढं नणंद इतक्या वर्षांत शिकली होती.

सहा आठवडे. चौथा आठवडाच अंधाऱ्या खोलीत जातो, तर पाचवा आणि सहावा कुठं जाणार? निम्मा काळ जी उभी राहू शकत नाही, तिच्याकडं कापड कोण टाकणार? नणंदेला शिवता येत होतं, कापता येत नव्हतं. कापणारा हात गेला की दुकान गेलं.

"डॉक्टर," मास्तरबाई बसल्या जागेवरून म्हणाली, "हे उत्तम रक्त कुठल्या आठवड्याचं?"

"दुसऱ्या. सगळ्यांचं दुसऱ्याच आठवड्यातलं, म्हणजे तुलना बरोबर होते."

"आणि चौथ्याचं?"

"चौथ्या आठवड्यात आपण बोलावत नाही."

"ते मला ठाऊक आहे. मी घरी असते ना तेव्हा."

दोन-तीन माणसं हसली. डॉक्टरही हसला आणि म्हणाला, "आपण नंतर निवांत बोलू." निवांत बोलू म्हणणारा माणूस बहुधा बोलायचं टाळत असतो, असं नणंदेला वाटलं. पण मास्तरबाई काही तिथून हलणारी नव्हती. माणसं उठून गेली, ती डॉक्टरच्या खोलीबाहेरच्या बाकावर जाऊन बसली.

बाकावर आधीच चौदांतला एक जण बसला होता, वॉचमन. त्याला हाच आजार लहान वयात झालेला, त्यामुळं कुठल्याही दारातून तो वाकूनच यायचा. एका गोदामावर राखणीला होता. चोर त्याला बघूनच पळतील म्हणून त्याला ठेवला होता आणि तो स्वतः मांजरालाही हड म्हणत नसे.

"एवढं कशाला मनाला लावून घेता, मास्तरबाई," तो म्हणाला. "सुई लांबली तर बरंच की."

"तुमचं डोकं उठत नाही चौथ्या आठवड्यात?"

"उठतं तर. त्याला काय करणार." मग त्यानं आवाज खाली आणला. "पण माणसं चांगली आहेत इथली. आधी चौथ्याच आठवड्यात बोलवायचे, तुमच्या आधीची गोष्ट. मी बसमध्ये ओकलो. एकदा तर अर्ध्यातच उतरलो आणि रस्त्याच्या कडेला डोकं धरून बसून राहिलो. मग सिस्टरनीच सोय केली माझी."

तेवढ्यात सिस्टर रक्ताच्या नळ्यांचा ट्रे घेऊन आली. आपलं नाव ऐकून थांबली.

"एकट्या तुमचीच नाही काही," ती कौतुकानं म्हणाली. "निम्मे लोक येतच नसत. फोन केला की घरचे सांगायचे, उठवत नाही त्यांना, डोकं फुटायला आलंय. मलाच कसंतरी व्हायचं. मी डॉक्टरांना म्हटलं, यांना दुसऱ्या आठवड्यात बोलावू या, बरे असतात तेव्हा. तेही लगेच हो म्हणाले. तेव्हापासून एकजण गैरहजर नाही बघा."

मास्तरबाई तिच्याकडं बघत राहिली.

"सिस्टर, पुन्हा सांगा. आठवडा का बदलला?"

"सांगितलं ना. चौथ्या आठवड्यात आजारी असायचे म्हणून..."

वाक्य तिथंच अडकलं. सिस्टरच्या हातातल्या ट्रेमध्ये नळ्या किणकिणल्या.

"म्हणजे आजारी असतो तेव्हा बोलवायचं नाही, कारण आजारी असतो," मास्तरबाई म्हणाली. तिचा घोगरा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "आणि बरे असतो तेव्हा बोलवायचं आणि लिहायचं की बरे आहेत. दुकानात मी गिऱ्हाइकाला पोट आत ओढू देत नाही. तुम्ही आम्हाला ओढायला लावलंत, चौदाच्या चौदा जणांना. आणि त्या मापाचे सदरे आता गावोगाव वाटणार आहात."

"माझ्या मनात तसं काही नव्हतं हो," सिस्टर म्हणाली.

"नव्हतंच. तुम्ही मायेनं केलंत. म्हणून तर कुणाच्या लक्षात आलं नाही."

वॉचमन आपल्या भल्यामोठ्या पंजांकडं बघत बसला. 

डॉक्टरनं दोघींना आत बोलावलं. टेबलावर कागदांचा ढीग होता. त्यानं मास्तरबाईचं सगळं ऐकून घेतलं, मधे तोडलं नाही. मग समजावून सांगितलं. रक्तातला जो आकडा ते बघतात, तो आठवड्या-आठवड्याला फारसा हलत नाही अशी समजूत आहे. डोकं दुखायची कारणं हजार असतात. नियम सगळ्यांना सारखा लावलेला आहे. आणि निबंध लिहून झाला आहे, मोठ्या परिषदेत वाचायचा आहे.

"हलत नाही, हे चौथ्या आठवड्यात बघितलंय का कुणी?"

"आपल्या रुग्णांत नीट नाही. तेव्हा निम्मे येत नसत, ते आकडे आम्ही धरले नाहीत," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

"मग समजूत आहे म्हणा. निकाल आहे असं नका म्हणू."

 तो खुर्ची पुढं ओढून, घरच्या माणसासारखा म्हणाला, "असं करू या. तुम्हाला त्रास होतो, हे मला मान्य आहे. तुमचं इंजेक्शन मी चार आठवड्यांनीच ठेवतो, तेवढं माझ्या हातात आहे. तुमचे आकडे संशोधनात आहेत तसे राहू द्या. तुमचं काम झालं, माझंही झालं."

नणंदेच्या छातीवरचा धोंडा उतरला. दुकान वाचलं. तिनं टेबलाखालून वहिनीच्या दंडाला चिमटा काढला. हो म्हण. ऊठ आता. घरी चल.

मास्तरबाईनं दंड बाजूला घेतला.

"आणि वॉचमनचं?"

"त्यांची काही तक्रार नाही."

"त्यांना कुठल्या आठवड्यात विचारलंत?"

डॉक्टरनं समोरचा कागद सरळ केला.

"आणि जी माणसं अजून सापडलीही नाहीत?" मास्तरबाई म्हणाली. "कुठंतरी कुणाची अंगठी आज रुतली असेल. त्या बाईला पाच-सहा वर्षं सगळे सांगतील, वय झालं. मग कधीतरी गाठ सापडेल. मग ती कुण्या डॉक्टरापुढं बसेल, आणि तो तुमचा निबंध उघडून म्हणेल, सहा आठवडे पुरतात, चौदा जणांवर बघितलंय. ती म्हणेल, माझं डोकं फुटतंय. तो म्हणेल, तसं व्हायला नको. त्या चौदांत मी असणार. माझ्या रक्तावर तिला खोटी पाडणार तुम्ही."

"एवढा टोकाचा विचार..."

"माझं नाव काढून टाका."

"म्हणजे?"

"संशोधनातून. पहिल्या दिवशी तुम्हीच सांगितलं होतं, हवं तेव्हा बाहेर पडता येतं, कारण विचारणार नाही. तरी मी कारण सांगितलं."

डॉक्टरनं चष्मा काढला. "नीट विचार करा. बाहेर पडलात तर संशोधनातलं औषध मला तुम्हाला देता येणार नाही. तसा नियम आहे. बाहेर ते सहजासहजी मिळत नाही."

"वहिनी," नणंदेला राहवलं नाही. "डोकं ठिकाणावर आहे का? ते देतायत म्हणतात चार आठवड्यांनी. कात्री कोण धरणार उद्या, मी?"

"वन्सं, जरा गप्प बसा."

हे 'वन्सं' ना लाडातलं होतं, ना भांडणातलं. असला सूर नणंदेनं आजवर ऐकलेला नव्हता. तिला राग आला होता, रडू येत होतं, आणि त्याच वेळी ती वहिनीच्या हातांकडं बघत होती. ते जाड, कडक झालेले हात टेबलाच्या कडेवर ठेवलेले होते आणि उजवा अंगठा कात्रीच्या कडीत असल्यासारखा वाकलेला होता. त्या हातांना आपण काय पणाला लावतोय ते पक्कं माहीत होतं.

दार उघडलं. वॉचमन वाकून आत आला, पाठोपाठ सिस्टर. बाहेर सगळं ऐकू येत असणार, त्या दाराला फट होती.

"माझंही काढा," वॉचमन म्हणाला.

"अहो, तुम्ही कशाला?" डॉक्टर दचकला.

"मला भांडण नको होतं, साहेब. अजूनही नको आहे." तो छताच्या दिव्यापासून डोकं सांभाळत उभा राहिला. "पण मी रस्त्याच्या कडेला बसलो होतो ना, लोक दारुडा समजून जात होते बाजूनं. मला वाटायचं, ते तुमच्याकडं लिहिलेलं असेल. उलट मला तर तुम्ही उत्तम म्हणून लिहिलंय."

 नणंद शिकलेली नव्हती, पण डॉक्टरच्या चेहऱ्यावरचा हिशेब तिला वाचता आला. साध्या तापाचं संशोधन असतं, तर दोन माणसं गेली काय आणि राहिली काय. इथं लाखालाखांतून वेचून आणलेली माणसं होती. दोघं गेली, बातमी बाकीच्यांना कळली, आणखी दोघं गेली, की त्या कागदांच्या ढिगाला रद्दीवाला तेवढा विचारील. आयुष्यभर त्या दुर्मीळपणानं मास्तरबाईचा छळ केला होता. आज पहिल्यांदा तो तिच्या बाजूनं उभा होता.

सिस्टर पुढं आली. "साहेब, आठवडा मी बदलायला लावला. सगळ्यांना मी फोन करते. चौथ्या आठवड्यात ज्याला येता येणार नाही, त्याच्या घरी आपण जाऊ. रक्त घ्यायला पलंगापाशी उभं राहायला जागा लागते, दुसरं काय लागतं."

"परिषद तोंडावर आली आहे," डॉक्टर म्हणाला. पण आता तो स्वतःशीच बोलत होता.

"पुढच्या वर्षी भरेल की परत," मास्तरबाई म्हणाली.

"सगळा निकाल बदलू शकतो."

"मला कुणाचा तयार कोट उसवायला लागला की माझाही जीव जातो. तरी उसवते. गिऱ्हाइकाच्या काखेत काचत असेल तर काय करणार."

डॉक्टरनं ढिगावरचा सगळ्यात वरचा कागद उचलला, वाचला आणि उलटा करून ठेवला. "ठीक आहे," तो म्हणाला. "सहा आठवड्यांचं थांबवतो. सगळ्यांचं रक्त चौथ्या आठवड्यात पुन्हा घेऊ, इंजेक्शनाच्या आधी. त्रासही तेव्हाच विचारू. जे येईल ते लिहू."

"मग नाव राहू द्या," मास्तरबाई म्हणाली.

"माझंही," वॉचमन घाईनं म्हणाला.

कुणी कुणाची माफी मागितली नाही, आणि आभार मानावेत असं मास्तरबाईला काही दिसलं नाही. ती गुडघ्यांवर हात दाबून उठली. डॉक्टर तिला दारापर्यंत सोडायला आला, हे त्याच्या स्वभावाला धरून होतं.

"फार रागावलात तुम्ही," तो म्हणाला.

"रागावू नको तर काय करू?" ती म्हणाली. "इतकी वर्षं जो तो मला सांगत आला की तुला काही झालेलं नाही. कुणी वय म्हणालं, कुणी काम म्हणालं. मग या इस्पितळात आले. इथलीच माणसं पहिली, ज्यांनी म्हटलं, बाई, तुम्हाला झालंय. मला किती बरं वाटलं होतं ठाऊक आहे? आणि तुम्हीही शेवटी तेच लिहायला निघालात. तेवढा राग माझा मला राहू द्या."

 तिनं उत्तराची वाट पाहिली नाही. नणंदेकडंही पाहिलं नाही. लिफ्टला रांग होती, ती जिन्यानं निघाली, एकेक पायरी, कठड्याला धरून. बाकावर पिशवी, छत्री, पाण्याची बाटली, सगळं तसंच राहिलं. ते गोळा करायला नणंद मागं थांबली, आणि काय वाटलं कोण जाणे, खिडकीशी गेली.

खाली आवारात मास्तरबाई बाहेर पडली होती. पायांत पुरुषी बूट, हात मागं बांधलेले, मान ताठ. एक अँब्युलन्स फाटकातून आत वळत होती, ती तिच्यासाठी थांबली. मास्तरबाईनं तिच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. खिडकीत नणंदेच्या शेजारी वॉचमन कमरेत वाकून बघत होता. त्याच्यामागं सिस्टर कानाला फोन लावून उभी होती, पलीकडं कुणी उचलण्याची वाट बघत.

"फार घाईत दिसतात," वॉचमन म्हणाला.

"घाई कसली," नणंद म्हणाली. "राग आहे तो. बसथांब्यापर्यंत पुरतो. मग गुडघे बोलायला लागतात."

"मग तुम्ही जा की मागोमाग."

"जाईन," ती म्हणाली. "जरा चालू द्या तिला एकटीला."

तिघं तिथंच उभी राहिली. मास्तरबाई फाटकाशी पोचली, गर्दीत एकदा तिचं डोकं दिसलं, आणि मग दिसेनासं झालं.